पगारासाठी देणगी मागायला लाज कसली?

देणगीचा चेक लिहिण्याआधी आपल्याकडे एक प्रश्न हमखास विचारला जातो : "आमचे पैसे पगारात तर जाणार नाहीत ना?" विचारणारी माणसे भली असतात. कष्टाचा पैसा योग्य ठिकाणी जावा, एवढीच त्यांची इच्छा असते. संस्थेची माणसेही घाईघाईने सांगून टाकतात, "नाही हो, एक रुपयासुद्धा नाही. सगळे थेट मुलांसाठी." दोन्ही बाजूंचे समाधान होते आणि संस्थेच्या मुळाशी असलेली अडचण आहे तशीच राहते. हे उत्तर आता बदलायला हवे. तुमचे पैसे पगारात जातील, जायलाच हवेत, कारण मुलांसाठी जे काही होते ते त्या पगारातूनच होते, असे संस्थांनी स्वच्छ सांगायला शिकले पाहिजे. आणि देणाऱ्यांनीही ते ऐकून घ्यायला शिकले पाहिजे.

मी बँकेच्या नोकरीतून निवृत्त झाले आणि सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी एका छोट्या संस्थेची मानद खजिनदार झाले. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी आमची विनाअनुदानित शाळा आहे आणि अठरा वर्षांपुढच्या मुलामुलींसाठी कार्यशाळा. तिथे पणत्या रंगवल्या जातात, वाती वळल्या जातात, कागदी पिशव्या आणि फाइली होतात. वर्षाचा जमाखर्च मांडला की निम्म्याहून बराच जास्त खर्च एकाच सदरात दिसतो, ते म्हणजे वेतन. विशेष शिक्षिका, आठवड्यातून ठरलेल्या दिवशी येणारे फिजिओथेरपिस्ट, मुलांना स्वच्छतागृहात नेणाऱ्या आणि भरवणाऱ्या मावशी, व्हॅनचा चालक. यांना वगळले तर आमच्या संस्थेत उरतात फक्त खोल्या आणि खुर्च्या.

त्या खोल्यांत काय चालते ते सांगते. चौदा वर्षांच्या मुलाला शर्टाचे बटण लावायला शिकवायचे असते. आपल्याला ते काम एक वाटते, शिक्षिकेला ते पाच-सहा कामांचे दिसते. बटण चिमटीत धरणे, काज शोधणे, बटण काजात अर्धे सरकवणे, पलीकडून पकडणे, ओढणे. यातली एकेक पायरी आठवडेच्या आठवडे करून घ्यावी लागते. भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेला अभ्यासक्रम करून आलेली शिक्षिकाच हे नीट करू शकते. तिला आम्ही अनुदानित शाळेच्या मानाने फारच कमी पगार देतो. त्यामुळे जास्त पगाराची जागा निघाली की ती जाते, आणि तिने जावे हेच योग्य आहे. तिलाही घर आहे. पण नवी शिक्षिका आली की तो मुलगा पहिले काही आठवडे तिला जवळ येऊ देत नाही. पायऱ्या पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात. मुलांना शर्ट देणारे आम्हाला खूप भेटले. बटण लावायला शिकवणारीचा पगार देणारे फार थोडे.

संस्थेच्या दाराशी काय काय येते पाहा. वाढदिवसाचा केक, दिवाळीचा फराळ, ब्लँकेट, वापरलेले कपडे, जुने संगणक. यामागची माया खोटी नाही, पण एकाच आठवड्यात तीन वाढदिवस आले की मुलांचे पोट बिघडते आणि शिकवण्याची वेळ जाते. एका कंपनीने आम्हाला व्हॅन दिली. दोन्ही बाजूंना कंपनीचे नाव, फीत कापण्याचा समारंभ, वर्तमानपत्रात फोटो. डिझेल, विमा, दुरुस्ती आणि चालकाचा पगार यांसाठी मात्र काही नव्हते. विचारले तेव्हा "आमच्या धोरणात आवर्ती खर्च बसत नाही" असे उत्तर आले. पावसाळाभर ती व्हॅन आवारात उभी होती आणि लांबच्या वस्तीवरची मुले घरी होती.

वस्तूचा फोटो निघतो, पगाराचा निघत नाही. भिंतीवर दात्याचे नाव लागते, शिक्षिकेच्या कपाळावर लागत नाही. पण या व्यावहारिक कारणांइतकेच खोल आणखी एक कारण आहे. सेवा म्हणजे त्याग, आणि त्याग म्हणजे मोबदला न घेणे, हे समीकरण आपण मनाशी पक्के धरले आहे. आमच्या जिल्ह्यात कर्मवीर भाऊराव पाटलांचे नाव घेतल्याशिवाय शिक्षणाची गोष्ट सुरू होत नाही. १९१९ मध्ये कराड तालुक्यातल्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. वसतिगृहातल्या मुलांच्या पोटासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचे दागिने आणि अखेर मंगळसूत्रही गेले, ही कथा इथल्या प्रत्येक शाळेत सांगितली जाते. ती सांगितलीच पाहिजे. पण तिच्यातून आपण कोणता अर्थ काढतो? कार्यकर्त्याच्या बायकोने मंगळसूत्र मोडावे, असा? माझ्या मते तिचा अर्थ असा आहे की त्या वेळी समाज कमी पडला. पुढे गावोगावच्या लोकांनी जमीन दिली, धान्य दिले, श्रम दिले, तेव्हा संस्था वाढली. एका घराच्या त्यागाने संस्था सुरू होते, पण चालते ती अनेक घरांच्या वर्गणीवर.

हा वाद जुना आहे. पुण्याच्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीत आजीव सदस्यांनी निर्वाहापुरते वेतन घ्यावे, बाहेरची कमाई करावी की नाही, यावरून टोकाचे मतभेद झाले आणि १८९० मध्ये टिळक तिथून बाहेर पडले. म्हणजे सेवा करणाऱ्याने जगायचे कशावर, हा प्रश्न त्या पिढीलाही टाळता आला नव्हता. महर्षी कर्व्यांनी देणगीची मोठी आणि लहान, दोन्ही रूपे पाहिली. १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसींनी त्यांच्या महिला विद्यापीठाला पंधरा लाख रुपये देऊ केले आणि विद्यापीठाला ठाकरसींच्या आईचे, नाथीबाईंचे नाव लागले. त्यानंतर १९३६ मध्ये, पंचाहत्तरी उलटल्यावर, कर्व्यांनी खेड्यांतल्या प्राथमिक शिक्षणासाठी मंडळ काढले आणि त्यासाठी ते पुन्हा दारोदार लहान लहान वर्गण्या गोळा करत हिंडले. मोठी देणगी मिळाली म्हणून त्यांनी छोट्या वर्गणीला कमी लेखले नाही.

या विषयात मला सर्वांत जवळचे वाटणारे उदाहरण मात्र सामाजिक कृतज्ञता निधीचे आहे. पूर्णवेळ सामाजिक काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना दरमहा मानधन मिळावे, म्हणून डॉ. श्रीराम लागू, निळू फुले, बाबा आढाव, नरेंद्र दाभोलकर यांच्यासारखी माणसे एकत्र आली. नामवंत कलाकारांनी 'लग्नाची बेडी' या नाटकाचे प्रयोग महाराष्ट्रभर केले, प्रयोगांतून निधी उभा राहिला आणि त्याच्या व्याजातून कार्यकर्त्यांना मानधन दिले जाऊ लागले. त्यांनी इमारत बांधायला पैसे मागितले नाहीत, रुग्णवाहिकेसाठी मागितले नाहीत. जे लोक समाजासाठी राबतात त्यांच्या घरची चूल पेटावी, यासाठी उघडपणे मागितले. आणि महाराष्ट्राने तिकिटे काढून ते दिले. म्हणजे नीट समजावून सांगितले तर मराठी माणूस पगारासाठी देतो.

मग आज संस्था का बिचकतात? कायद्याचा धाक, हे एक कारण सांगितले जाते. कंपनीच्या सामाजिक दायित्व (सीएसआर) निधीत प्रशासकीय खर्च पाच टक्क्यांपुढे जाता कामा नये, असे संस्थांना सर्रास ऐकवले जाते. नियम वाचून पाहावा. ही पाच टक्क्यांची मर्यादा कंपनीने आपला सीएसआर विभाग चालवण्यासाठी केलेल्या सर्वसाधारण खर्चाला आहे. प्रकल्प प्रत्यक्ष राबवण्याचा खर्च तिच्यात मोडत नाही. आमच्या वर्गात शिकवणारी शिक्षिका म्हणजेच तो प्रकल्प. परदेशी देणग्यांच्या कायद्यात प्रशासकीय खर्चाची मर्यादा २०२० मध्ये पन्नास टक्क्यांवरून वीस टक्क्यांवर आणली गेली. ती जाचक आहे. पण त्या कायद्याखालचे नियमही रुग्णालयातल्या डॉक्टरांचा आणि शाळेतल्या शिक्षकांचा पगार प्रशासकीय खर्चात धरत नाहीत. कायद्याला जो फरक कळतो, तो देणगी देणाऱ्या-घेणाऱ्यांना कळत नाही, हे दुर्दैव आहे.

कंपन्यांशी बोलताना आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करणे बंधनकारक केले. आर्थिक वर्ष संपत आले की उरलेल्या पैशाची घाई सुरू होते आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये संस्थेला फोन येतो, "एकतीस मार्चच्या आत काय खरेदी करता येईल?" खरेदीच सुचवली जाते, कारण ती महिन्याभरात होते. पण याच नियमांत 'चालू प्रकल्प' अशी सोय आहे. सुरुवातीचे वर्ष सोडून पुढे तीन वर्षांपर्यंत कंपनीला एका प्रकल्पाशी बांधून घेता येते. संस्थांनी ही सोय मागून घ्यावी. पंचवीस खुर्च्या नकोत, एका शिक्षिकेचा तीन वर्षांचा पगार द्या, असे म्हणावे. व्हॅन देऊ केली तर चालक, डिझेल आणि विमा करारात लिहून घ्यावा, आणि ते मिळत नसेल तर व्हॅन नम्रपणे नाकारावी.

आता दात्यांच्या शंकेकडे येते, कारण ती निराधार नाही. घरातलेच विश्वस्त, घरातलेच कर्मचारी आणि कागदावरच चालणारे वसतिगृह, असली प्रकरणे आपण सर्वांनी पाहिली आहेत. पण पगाराची टक्केवारी विचारल्याने ती उघडकीस येत नाहीत. ज्याला फसवायचे आहे तो पगार 'शैक्षणिक साहित्य' या सदरात सहज घालतो. विचारायचे ते वेगळे प्रश्न आहेत. कोणत्या कामाला किती माणसे आहेत? त्यांना किती मिळते, आणि ते बँक खात्यात जमा होते का? विश्वस्तांचे नातेवाईक पगारपत्रकावर आहेत का, असतील तर कोणत्या कामासाठी? गेल्या तीन वर्षांत किती कर्मचारी सोडून गेले? सार्वजनिक न्यासांना हिशेब तपासून घ्यावे लागतात, ते धर्मादाय आयुक्त कार्यालयाकडे द्यावे लागतात. तो ताळेबंद मागा. जी संस्था आनंदाने दाखवते तिला द्या. आमचे लेखापरीक्षण झालेले हिशेब शाळेच्या सूचना फलकावर लावलेले असतात. पालक ते वाचतात, आणि मावशींनाही कळते की संस्थेत कोणाला किती मिळते.

मागण्याच्या पद्धतीविषयी मला जे अनुभवाने उमगले ते सांगते. आमच्या गावात बायकांच्या भिश्या खूप आहेत. अशा एका भिशीतल्या वीस जणींना आम्ही शाळा दाखवली. फक्त दाखवली, भाषण केले नाही. त्यांनी भिशीच्याच दिवशी प्रत्येकी पाचशे रुपये वेगळे काढायचे ठरवले. महिन्याला दहा हजार रुपये होतात आणि त्यातून एका मावशीचा पगार निघतो. मावशींचे नाव त्या सगळ्यांना ठाऊक आहे, मावशींच्या मुलीचा दहावीचा निकालही त्यांना सगळ्यात आधी कळला. एखाद्या मोठ्या चेकपेक्षा मला हे दहा हजार मोलाचे वाटतात, कारण ते दर महिन्याला येतात. दोघीतिघींनी सोडले तरी पगार थांबत नाही. अन्नदानाची तिथी घेण्याची पद्धत आपल्याकडे रुजलेलीच आहे. आईच्या स्मृतिदिनी जेवण देणाऱ्याला, 'या महिन्यात एका शिक्षिकेचे आठ दिवस तुमच्या आईच्या नावाने' असे सुचवून पाहावे. लोक नाही म्हणत नाहीत. त्यांना आजवर कोणी विचारलेले नसते.

हा मार्ग आणखी एका कारणाने महत्त्वाचा झाला आहे. वर्षानुवर्षे संस्था प्राप्तिकरातल्या '८०-जी'च्या सवलतीचा उल्लेख आवाहनात ठळकपणे करत आल्या. बहुतेक संस्थांच्या बाबतीत त्या सवलतीत देणगीची अर्धी रक्कम उत्पन्नातून वजा होते, तीही ठरावीक मर्यादेत. अर्धे पैसे परत मिळतात, हा समज चुकीचा आहे. नव्या करप्रणालीत तर वैयक्तिक करदात्याला ही सवलतच नाही. २०२३-२४ पासून हीच प्रणाली गृहीत धरली जाते, आणि २०२५-२६ पासून तिच्यात बारा लाखांपर्यंतच्या नेहमीच्या उत्पन्नावर कर द्यावा लागत नाही. तालुक्याच्या गावातला शिक्षक, कारकून, छोटा दुकानदार यांना '८०-जी'ने आता काही मिळत नाही. तेव्हा करसवलतीच्या जोरावर मागण्याचे दिवस सरत आले. आता कामाच्या जोरावरच मागावे लागेल, आणि ते चांगलेच आहे.

पण म्हणून कागद ढिले ठेवून चालणार नाही. रोख देणगी दोन हजारांपेक्षा जास्त असेल तर तिला '८०-जी' लागू होत नाही. कपडे, धान्य, संगणक अशा वस्तुरूप देणगीलाही होत नाही. तसे पावती देतानाच सांगावे. वर्षभराच्या देणगीदारांचे विवरणपत्र, ज्याला आम्ही खजिनदार मंडळी 'दहा-बीडी' म्हणतो, ३१ मेपर्यंत भरून दात्याला प्रमाणपत्र द्यावे लागते. त्यासाठी पॅन वा आधार देणगी घेतानाच लागतो. आजकाल प्रत्येक कार्यक्रमात टेबलावर क्यूआर कोड ठेवला जातो. पैसे खात्यात येतात, पण कोणाचे आले ते कळत नाही. नाव-पत्त्याची नोंद नसलेली देणगी कायद्याने निनावी ठरते, आणि अशा देणग्या एकूण देणग्यांच्या पाच टक्के किंवा एक लाख रुपये, यातली जी रक्कम जास्त असेल तिच्यापुढे गेल्या की वरच्या रकमेवर तीस टक्के कर लागतो. म्हणून क्यूआर कोडशेजारी वही घेऊन एक माणूस बसवावाच.

स्मरणिकेविषयीही सांगायला हवे, कारण आपल्या संस्थांचा तो आवडता मार्ग आहे. जाहिरात आणि देणगी या वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांच्या पावत्या वेगळ्या हव्यात. जाहिरातीवर '८०-जी'ची पावती फाडणे गैर आहे. गाण्याचा कार्यक्रम ठेवायचा तर सभागृह, ध्वनियंत्रणा, कलाकारांचा प्रवास आणि कार्यकर्त्यांचे गेलेले दोन महिने वजा करून हातात काय उरले ते मांडावे. मंचावर जाहीर होणारा आकडा संस्थेच्या उपयोगाचा नसतो, शिल्लक उपयोगाची असते. एका दात्यावर वर्षाच्या खर्चाच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त भार असू नये आणि सहा महिन्यांचे पगार पुरतील एवढी गंगाजळी बाजूला असावी, असा आग्रह मी आमच्या कार्यकारिणीत धरते. करोनाच्या टाळेबंदीत शाळा बंद होती, कार्यक्रम बंद होते, दुकाने बंद म्हणून वर्गण्या आटल्या. पण मावशींच्या घरची भूक बंद नव्हती. ज्या संस्थांकडे गंगाजळी नव्हती, त्यांनी त्या काळात माणसे गमावली, आणि त्यांच्याबरोबर वर्षांची शिकवण गमावली. कायम निधीसाठी देणगी घ्यायची असेल तर दात्याकडून तसे लेखी घ्यावे, म्हणजे ती रोजच्या खर्चात विरघळत नाही.

एक गोष्ट मला संस्थाचालकांनाही सांगायची आहे. कमी पगार देतो याचा अभिमान बाळगू नका. "आमच्याकडे सगळे अल्प मानधनावर काम करतात" हे वाक्य अहवालात मोठेपणाने छापले जाते. जिला अल्प मानधन मिळते तिला त्यात कोणी विचारलेले नसते. त्या बहुतेक बायका असतात, बहुतेकदा घराला दुसरा आधार नसलेल्या. दुर्बलांसाठी चालणारी संस्था आपल्याच मावशीला किमान वेतनाखाली राबवत असेल, तर तिने कोणत्या तोंडाने न्यायाची भाषा करावी? देणगीच्या आवाहनात पहिला आकडा पगाराचा लिहा. एका शिक्षिकेला महिन्याला इतके लागतात, ती इतक्या मुलांना शिकवते, आज आम्ही इतके देऊ शकतो, इतके कमी पडतात. हे चार आकडे कोणत्याही करुण फोटोपेक्षा लोकांना लवकर समजतात, आणि मुलांचे चेहरे बाजारात मांडावे लागत नाहीत.

नवे आर्थिक वर्ष सुरू होताना माझी वाचकांना विनंती आहे. आपल्या गावातली एक संस्था निवडा, घरापासून चालत जाता येईल अशी. वाढदिवसाला केक नेण्याऐवजी तिथल्या खजिनदाराला भेटा आणि विचारा, इथे शिकवणाऱ्या, भरवणाऱ्या, गाडी चालवणाऱ्या माणसांच्या पगाराला दरमहा किती कमी पडतात. त्यातले तुम्हाला झेपेल तेवढे, शंभर रुपये असले तरी, दर महिन्याला बँकेतून आपोआप जाईल असे लावून टाका. आणि पुढच्या वेळी कोणी तुम्हाला "पैसे पगारात जातात का?" असे विचारले, तर त्यांना अभिमानाने सांगा : हो, पगारातच जातात, मी त्यासाठीच देतो.